वादळ येते, विमा कंपनी जाते!

समुद्रकाठी टुमदार घर असावे, या स्वप्नापायी लाखो लोक अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जाऊन राहिले. घर मिळाले, समुद्र मिळाला. पण त्या घराचा विमा उतरवणारी कंपनी शोधणे हीच मोठी चिंता होऊन बसली. असे का झाले?

जूनची १ तारीख उजाडली की फ्लोरिडात हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो. तो संपतो ३० नोव्हेंबरला. या सहा महिन्यांत तिथला घरमालक टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशाकडे डोळे लावून बसतो. पण त्याला धास्ती असते ती आणखी एका गोष्टीची. ती म्हणजे विमा कंपनीकडून येणाऱ्या पाकिटाची. यंदा हप्ता किती वाढला असेल? की ‘यापुढे आपल्या पॉलिसीचे नूतनीकरण करता येणार नाही’ असे दोन ओळींचे पत्रच त्यात असेल? वादळ एखाद्या वर्षी चुकते, पाकीट चुकत नाही.

हप्ता परवडत नसेल तर विमा सोडून द्यावा, असे कुणी म्हणेल. पण ते इतके सोपे नाही. अमेरिकेत बहुतेक घरे बँकेच्या कर्जावर घेतलेली असतात आणि कर्ज फिटेपर्यंत घराचा विमा हवाच, अशी बँकेची अट असते. विमा सुटला तर बँक स्वतःच तो उतरवते आणि त्याचा हप्ता कर्जदाराच्या माथी मारते. हा विमा महाग असतो, शिवाय त्यात सांभाळले जाते ते मुख्यतः बँकेचे हित. घरातील सामानसुमानाला त्याचा आधार नसतो. ज्यांचे कर्ज फिटले आहे, असे निवृत्त लोक मात्र कंटाळून विमा सोडतात. पेन्शनमध्ये हप्ता बसत नाही, म्हणून आयुष्यभराची कमाई देवाच्या भरवशावर ठेवून ते दर मोसमाला आकाशाकडे पाहत राहतात.

एकाचे जळते, हजारांचे वाचते

विम्याचे मूळ गणित अगदी साधे आहे. समजा, एका शहरात हजार घरे आहेत. आग लागून वर्षाकाठी त्यातील एखादे-दुसरे घर जळते. कोणाचे जळेल हे सांगता येत नाही, पण साधारण किती जळतील याचा अंदाज बांधता येतो. हजार जणांनी थोडे थोडे पैसे एकत्र केले तर ज्याचे घर जळले त्याला ते नव्याने बांधता येते. कंपनीचा खर्च आणि थोडा नफाही त्यातूनच सुटतो.

हे गणित चालते ते एकाच कारणाने. हजारही घरे एकाच दिवशी जळत नाहीत! चक्रीवादळ नेमके तिथेच घाव घालते. ते एका रात्रीत हजारातील सातशे-आठशे घरांची छपरे उडवते. मग कोणी कोणाला मदत करायची? शिवाय पुढची दहा वर्षे वादळ येणारही नाही किंवा एकाच मोसमात चार येतील. म्हणजे ‘दर वर्षाची सरासरी’ हा शब्दच इथे फसवा ठरतो. दहा वर्षांची शिल्लक एका रात्रीत संपू शकते.

त्यात माणसांनीच भर घातली. १९५० साली फ्लोरिडाची लोकसंख्या २८ लाखांच्या आत होती. १९९० मध्ये ती सुमारे १ कोटी २९ लाख झाली आणि २०२० च्या जनगणनेत सुमारे २ कोटी १५ लाखांवर पोहोचली. उबदार हवा आणि राज्याचा प्राप्तिकर नाही, यामुळे देशभरातून लोक येत राहिले. पूर्वी ज्या वादळाने झाडे आणि दलदली उलथून टाकल्या असत्या, त्याच वादळाच्या वाटेवर आता वसाहती उभ्या आहेत.

अँड्र्यूने डोळे उघडले

२४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे अँड्र्यू हे हरिकेन मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड गावाजवळ धडकले. लाखाहून अधिक घरांचे नुकसान झाले, त्यातील हजारो घरे तर जमीनदोस्त झाली. विमा कंपन्यांवर सुमारे १५.५ अब्ज डॉलरचा बोजा पडला. अमेरिकेच्या इतिहासात तोवर एका आपत्तीत एवढी भरपाई कधी द्यावी लागली नव्हती. दहाच्या आसपास कंपन्या बुडाल्या आणि मोठ्या कंपन्यांनाही आपण किती खोल पाण्यात उभे आहोत ते कळले.

तोवर कंपन्या जुन्या अनुभवावरून हप्ता ठरवीत. मागची वीस-तीस वर्षे शांत गेली, म्हणून पुढचीही जातील, असा तो हिशेब. कॅरेन क्लार्क नावाच्या एका तज्ज्ञ बाईंनी १९८७ मध्ये कंपनी काढून संगणकाच्या साहाय्याने वादळाच्या नुकसानीचा अंदाज बांधायला सुरुवात केली होती. अँड्र्यू धडकल्यावर काही तासांतच त्यांनी नुकसान १३ अब्ज डॉलरच्या वर जाईल असे कळवले, तेव्हा विमा व्यवसायातील अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. खरा आकडा त्याहूनही मोठा निघाला. त्यानंतर मात्र संगणकाचे असे अंदाज घेतल्याशिवाय फ्लोरिडात हप्ता ठरवणे मागे पडले.

हप्ते वाढले, अटी कडक झाल्या, कंपन्या काढता पाय घेऊ लागल्या. एकदम हजारो पॉलिसी रद्द होऊ नयेत म्हणून राज्याला कायदा करून कंपन्यांना अडवावे लागले. देशभर पसरलेल्या काही बड्या कंपन्यांनी पुढे फ्लोरिडापुरती वेगळी कंपनी काढली. उद्या तिथे काही झालेच, तर मूळ कंपनीच्या तिजोरीला झळ लागू नये, हा त्यामागचा हेतू.

विम्याचाही विमा

मोठ्यांनी सोडलेल्या जागेवर छोट्या कंपन्या आल्या. त्यांच्याकडे स्वतःचे भांडवल बेताचेच. मग त्या कशाच्या बळावर एवढी जोखीम घेतात? उत्तर आहे पुनर्विमा. म्हणजे विमा कंपनीने स्वतःच उतरवलेला विमा. लंडन, बर्म्युडा, जर्मनी, स्वित्झर्लंड इथल्या बड्या पुनर्विमा कंपन्या जगभरची जोखीम विकत घेतात. जपानमध्ये भूकंप, युरोपात पूर आणि फ्लोरिडात वादळ एकाच वर्षी येणार नाही, हा त्यांचा भरवसा.

फ्लोरिडातील कंपन्यांचे पुनर्विम्याचे बहुतेक करार १ जूनला, ऐन मोसमाच्या तोंडावर होतात. जगात कुठेही मोठी आपत्ती आली किंवा व्याजदर चढले, की पुनर्विम्याचा भाव वाढतो. तो वाढला की टॅम्पामधल्या आजीबाईंचा हप्ताही वाढतो. तिच्या गावात वर्षभर वाऱ्याची झुळूकही आलेली नसली, तरी!

खर्च हलका व्हावा म्हणून राज्याने १९९३ मध्ये हरिकेन आपत्ती निधी स्थापन केला. हा निधी कंपन्यांना खासगी बाजारापेक्षा स्वस्त दरात पुनर्विमा देतो. पण तिथेही मर्यादा आहे. निधी कमी पडला तर राज्य कर्जरोखे काढते आणि ते फेडण्यासाठी विमेदारांवर अधिभार बसतो.

शेवटचा आसरा

ज्यांना कोणतीच खासगी कंपनी दारात उभी करत नाही, त्यांनी कुठे जायचे? त्यांच्यासाठी २००२ मध्ये दोन जुन्या योजना एकत्र करून ‘सिटिझन्स’ ही सरकारी विमा संस्था निर्माण झाली. हिने शेवटचा आसरा व्हावे, अशी कल्पना होती. पण खासगी बाजार आजारी पडला की हीच राज्यातील सर्वांत मोठी विमा संस्था होते.

२००४ हे वर्ष फ्लोरिडावर कोसळले. चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन अशी चार हरिकेन दीड महिन्यात आली. पुढच्या वर्षी विल्मा आले. सिटिझन्सची तिजोरी रिकामी झाली. मग तूट कोणी भरली? राज्यातील इतर विमेदारांनी! घराच्याच नव्हे, मोटारीच्या विम्यावरही अधिभार लागला आणि तो २०१५ पर्यंत वसूल होत होता. किनाऱ्यापासून दूर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, जुनी गाडी चालवणाऱ्या माणसानेही समुद्रकाठच्या बंगल्याच्या छपराला हातभार लावला. फ्लोरिडातील लोक याला ‘हरिकेन कर’ म्हणतात, ते उगाच नव्हे.

गंमत म्हणजे विल्मानंतर २०१६ पर्यंत एकही हरिकेन फ्लोरिडाच्या जमिनीवर आले नाही. या शांततेत नव्या कंपन्या निघाल्या, नव्या वसाहती उठल्या, लोक जुने विसरले. मग २०१७ मध्ये इर्मा, २०१८ मध्ये मायकेल आणि २८ सप्टेंबर २०२२ रोजी इयान. इयानने सुमारे ११२ अब्ज डॉलरची हानी केली. खासगी कंपन्या मागे हटल्या आणि २०१९ मध्ये सव्वाचार लाखांच्या आसपास असलेल्या सिटिझन्सच्या पॉलिसी २०२३ मध्ये १४ लाखांवर गेल्या. राज्याने खटपट करून पुष्कळ ग्राहक पुन्हा खासगी कंपन्यांकडे वळवले, तेव्हा २०२४ च्या शेवटी ही संख्या १० लाखांच्या खाली आली.

वाऱ्याने की पाण्याने?

पॉलिसी हातात असली म्हणजे निर्धास्त, असे मात्र कुणी समजू नये. खरी मेख तिच्यातील बारीक अक्षरांत असते.

पहिली मेख आहे ‘डिडक्टिबल’. नुकसानीचा काही भाग विमेदाराने स्वतः सोसायचा, तो हा भाग. आग, चोरी वगैरेंसाठी ही रक्कम ठरावीक आणि लहान असते. पण हरिकेनसाठी ती बहुधा घराच्या विमा रकमेच्या टक्केवारीत असते, म्हणजे २, ५ किंवा १० टक्के. घराचा विमा ४ लाख डॉलरचा असेल आणि डिडक्टिबल ५ टक्के असेल, तर पहिले २० हजार डॉलर घरमालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे. छपराच्या दुरुस्तीचा खर्च १८ हजार आला, तर कंपनी एक डॉलरही देणार नाही! हप्ता कमी व्हावा म्हणून अनेक जण मोठा डिडक्टिबल घेतात आणि तो आकडा त्यांना वादळानंतरच उमगतो.

दुसरी मेख पाण्याची. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वाऱ्याची भरपाई असते, पुराची नसते. समुद्राला उधाण येऊन पाणी घरात घुसले तर तोही पूरच. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९६८ मध्ये सुरू केलेली पूर विमा योजना आहे, पण तिच्यात राहत्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलर मिळतात.

आता वादळात वारा आणि पाणी हातात हात घालून येतात. सकाळी घराच्या जागी नुसता चौथरा उरला असेल, तर भिंत वाऱ्याने पडली की लाटेने, हे कोणी सांगावे? २००५ मध्ये कॅट्रिना वादळानंतर मिसिसिपी आणि लुइझियाना राज्यांत याच प्रश्नावर हजारो लोक कंपन्यांशी भांडले. मिसिसिपीचे सिनेटर ट्रेंट लॉट यांचे किनाऱ्यावरचे घर वाहून गेले, तेव्हा त्यांच्यासारख्या वजनदार माणसालाही आपल्या विमा कंपनीवर दावा लावावा लागला. मग सामान्य माणसाची काय कथा!

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या उधाणाने टॅम्पा उपसागराच्या काठची घरे पाण्यात बुडाली. ज्यांच्याकडे फक्त नेहमीची पॉलिसी होती, त्यांना या पाण्याची भरपाई मागायची सोयच नव्हती. सिटिझन्सच्या ग्राहकांनी पूर विमाही घेतलाच पाहिजे, अशी सक्ती टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

वकिलांचा मोसम

फ्लोरिडाच्या दुखण्याला निसर्गाखेरीज माणसांचाही हातभार लागला. राज्याच्या विमा खात्याने २०२१ मध्ये एक आकडेवारी पुढे ठेवली. २०१९ मध्ये देशभरातील घरविम्याच्या दाव्यांपैकी सुमारे ८ टक्के दावे फ्लोरिडातील होते. पण विमा कंपन्यांविरुद्धच्या खटल्यांपैकी फ्लोरिडाचा वाटा होता सुमारे ७६ टक्के!

यामागे दोन गोष्टी होत्या. एक, १८९३ पासून चालत आलेला कायदा. विमेदार खटला जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची, हरला तर मात्र त्याने कंपनीची फी द्यायची नाही. दुबळ्याला बलवानाशी लढता यावे, हा त्याचा चांगला हेतू. दुसरी, भरपाईचा हक्क ठेकेदाराच्या नावे करून देण्याची सोय. याचा फायदा घेऊन काही ठेकेदार गल्लोगल्ली फिरत. ‘तुमच्या छपराला गारपिटीचा मार बसलेला दिसतो. इथे सही करा, विम्यातून नवे छप्पर फुकट बसवून देतो,’ अशी त्यांची बोली असे. घरमालक सही करून मोकळा, मग ठेकेदार आणि वकील कंपनीकडून फुगवलेली रक्कम वसूल करायला कोर्टात. फुकट छपराची किंमत पुढच्या वर्षी सगळ्या गल्लीच्या हप्त्यात दिसे.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने घरविम्यासाठी या दोन्ही वाटा बंद केल्या. कंपनीने दाव्याचा निकाल ९० ऐवजी ६० दिवसांत लावायचा आणि घरमालकाने दोन वर्षांऐवजी एका वर्षात नुकसान कळवायचे, असेही ठरले. त्यानंतर खटले कमी झाले, काही नव्या कंपन्या आल्या आणि हप्त्यांची धाव मंदावली. हेलीन आणि मिल्टन ही वादळे २०२४ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने आली, तरी बाजार कोसळला नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. कंपनीने खरोखरच अन्याय केला, तर आता घरमालकाला वकिलाची फी आपल्याच पदरची द्यावी लागते. इयाननंतर काही सर्व्हेअरनी जाहीरपणे सांगितले होते, की आपण लिहिलेले नुकसानीचे आकडे वरच्या पातळीवर परस्पर कमी केले गेले. लबाड ठेकेदारासाठी लावलेले कुलूप प्रामाणिक माणसाचीही वाट अडवत असेल, तर काय? या प्रश्नाचे उत्तर फ्लोरिडा अजून शोधतो आहे.

खिळ्याचे मोल

या सगळ्या कहाणीत एक गोष्ट लक्षात येते. कंपनी गेली म्हणून वादळाचा खर्च जात नाही. तो फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. कंपनीकडून सरकारी संस्थेकडे, तिच्याकडून शेजाऱ्याकडे आणि शेवटी घरमालकाकडे. खर्च खरोखर कमी करायचा असेल, तर मोडतोडच कमी व्हायला हवी.

अँड्र्यूनंतर पडलेल्या घरांची तपासणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी छपराच्या फळ्या नीट ठोकलेल्याच नव्हत्या. खिळे लाकडी कैचीत न शिरता बाजूने गेले होते. याउलट हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या हौशी स्वयंसेवकांनी गरिबांसाठी बांधलेली घरे बरीचशी शाबूत राहिली. नवखे लोक म्हणून त्यांनी जरा जास्तच खिळे ठोकले होते, असे तेव्हा कौतुकाने म्हटले गेले!

२००२ पासून फ्लोरिडात राज्यभर एकच कडक बांधकाम संहिता लागू झाली. कैच्या भिंतीला पोलादी पट्ट्यांनी बांधायच्या, खिडक्यांना न फुटणारी काच किंवा झडपा लावायच्या, छपराच्या फळ्यांना जवळ जवळ खिळे ठोकायचे. दुपाखी छपरापेक्षा चारही बाजूंनी उतरते चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगले तोंड देते. अशी मजबुती केलेल्या घराला हप्त्यात सवलत द्यावी, असे कंपन्यांवर बंधन आहे. ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ या योजनेतून राज्य घराची तपासणी करून देते आणि मजबुतीसाठी अनुदानही देते. पण जुन्या घरातील, तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाला अनुदान मिळेपर्यंतही हात आखडता घ्यावा लागतो आणि वादळ नेमके त्याच्याच छपरावर येते.

आपल्यासाठी काय?

टॅम्पा, ऑरलँडो, मायामीच्या परिसरात बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. आपला मुलगा किंवा लेक-जावई तिकडे घर घेत असतील, तर वास्तुशांतीच्या मुहूर्ताबरोबर चार प्रश्न अवश्य विचारावेत. घर कोणत्या साली बांधले, २००२ च्या आधी की नंतर? छप्पर किती वर्षांचे आहे? हरिकेनचा डिडक्टिबल टक्क्यांत नव्हे, डॉलरमध्ये किती होतो आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवली आहे का? पूर विमा वेगळा घेतला आहे का? घराच्या किमतीइतकाच विम्याचा वार्षिक हप्ताही आधी विचारून घ्यावा. कर्जाचा हप्ता ठरलेला असतो, विम्याचा नसतो.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात कौले आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. पण विमा उतरवलेली घरे विरळाच. लोकांची भिस्त होती सरकारी मदतीवर आणि मुंबईच्या नातेवाइकांवर. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना सक्तीची केली. तिच्यात आग, भूकंप, वादळ आणि पूर हे सगळे एकाच पॉलिसीत येते. वारा की पाणी, हा वाद तिथे उरत नाही. इमारतीचा विमा घेतला की घरातील सामानालाही त्याच्या २० टक्क्यांपर्यंत, पण १० लाख रुपयांच्या मर्यादेत, आपोआप संरक्षण मिळते.

फ्लोरिडातील घरमालक विमा हवा असूनही मिळत नाही, म्हणून रडकुंडीला येतो. आपल्याकडे तो मिळत असूनही आपण घेत नाही. किनाऱ्यावर घर असणाऱ्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी दोन कामे उरकावीत. छपराचे खिळे, हूक आणि वासे एकदा सुताराकडून तपासून घ्यावेत आणि घराच्या पॉलिसीची चौकशी करावी. यातले पहिले काम आधी करावे. कारण पॉलिसी पैसे परत देते. छप्पर जागेवर ठेवतो तो खिळाच!